थोडक्यात निभावलं

आमच्या घरात त्या सकाळविषयी एकच वाक्य बोललं जायचं. कुणी विचारपूस करायला आलं की माझा नवरा मिलिंद त्यांनी चपला काढायच्या आतच सांगून टाकायचा, "थोडक्यात निभावलं." जिला लागलं होतं ती म्हणजे माझी सासू. मी त्यांना आईच म्हणते. त्या पट्टी बांधलेला हात जरासा उचलून म्हणायच्या, "थोडक्यात निभावलं हो." मग पाहुणे मान डोलवायचे, चहा व्हायचा आणि विषय मेट्रोवर नाहीतर पार्किंगवर जायचा.

मी शाळेत मराठी शिकवते. 'थोडक्यात उत्तरे लिहा' आणि 'सविस्तर उत्तरे लिहा' या दोन प्रश्नांमध्ये माझी सगळी नोकरी गेली. मुलं सविस्तरच्या प्रश्नालाही तीन ओळी खरडून मोकळी होतात आणि मी लाल पेनाने शेरा मारते, 'अजून लिहा.' माझ्याच घरात एवढा मोठा प्रश्न दोन शब्दांत उरकला जातोय, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही. ते आलं तोवर मी आजारी पडले होते.

ज्यांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत आणि तरी ज्यांचं काहीतरी बिनसलंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. अशा माणसांना कुणी भेटायला येत नाही. भेटायला आलंच तर कुठे बघायचं ते पाहुण्यांना कळत नाही, कारण पट्टी कुठेच नसते.

आधी थोडक्यात

काय झालं होतं ते आत्ता मोजक्या शब्दांत सांगते. बाकीचं पुढे येईल, माझ्या सोयीने.

कोथरूडचा आमचा फ्लॅट, शाळेच्या घाईची सकाळ. गॅसवर डाळ-भाताचा कुकर. शिट्टी होईना. "शिट्टी का होईना गं?" म्हणत आई सांडशी घेऊन शेगडीपाशी गेल्या. मी त्यांच्याकडे पाठ करून डब्यात पोळी-भाजी भरत होते. आणि कुकर फुटला. आईंचा उजवा हात आणि मानेची एक बाजू भाजली. माझ्या हातावर चार शिंतोडे उडाले.

त्या दिवशी मी फार हुशारीने वागले. गॅस बंद केला. आईंचा हात नळाच्या धारेखाली धरला. खालच्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकू हळदीचा डबा घेऊन धावत आल्या, त्यांना दारातच थोपवलं. मिलिंदला फोन केला, रिक्षा थांबवली आणि रिक्षात बसल्यावर शाळेला निरोप पाठवला, तोही शुद्धलेखन तपासून. सगळे म्हणाले, सुजाता होती म्हणून बरं. मलाही तसंच वाटलं.

आई दवाखान्यात होत्या तेवढे दिवस मी त्यांच्या खाटेजवळच्या स्टुलावर काढले. सकाळी चहा, मग डॉक्टरांचा राउंड, मग ड्रेसिंग. ड्रेसिंगची ट्रॉली आली की आई छताकडे बघून हळू आवाजात त्रिशरण म्हणायच्या आणि सिस्टर त्यांचं म्हणून होईपर्यंत कापूस हातात धरून थांबायची. एरवी तिला कुणासाठी थांबायला वेळ नसायचा. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही. दुपारी काकूंचा डबा यायचा, त्यात आमटी कमी आणि सूचना जास्त.

मग आई घरी आल्या. पट्ट्या लहान होत होत निघाल्या. खालून नवी, गुलाबी कातडी आली. पौर्णिमा होती, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली, खीर केली. घरातले सगळे हसत होते. मला त्याच आठवड्यात सुरू झालं.

आठवी ब मधला भूकंप

आधी झोप गेली. मग कुठेही, बसमध्ये, दुकानात, छाती एकदम धडधडायला लागली. सकाळी आठच्या सुमाराला आमच्या सोसायटीत प्रत्येक घरातून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. मी त्या वेळी गच्चीवर जाऊन बसायला लागले. गच्चीवर तर सगळ्या मजल्यांच्या शिट्ट्या एकत्र पोचतात. मग स्कूटर काढून शाळेत लवकर जायला लागले. शिपाई म्हणाला, "मॅडम, प्रमोशन झालं का?"

आणि मी आईंना हाका मारायला लागले. हॉलमधून, बाथरूममधून, कुठूनही. "आई!" त्या स्वयंपाकघरातून "ओ" म्हणायच्या आणि माझा जीव भांड्यात पडायचा. काम काहीच नसायचं. "काय गं?" "काही नाही." दिवसातून कितीतरी वेळा. शेवटी त्या वैतागून म्हणाल्या, "अगं, मी काय पळून जाणार आहे का या वयात?"

शाळेत एके दिवशी आठवी ब वर समास चालले होते. खिडकीखाली मैदानावर खेळाच्या सरांनी शिट्टी फुंकली. ती तर ते रोजच फुंकतात. मधलं मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी टेबलाखाली होते, गुडघे छातीशी, डोक्यावर दोन्ही हात, आणि हातात अजून खडू होता.

आता गंमत ऐका. त्याच सुमाराला शाळेत भूकंपाचं प्रात्यक्षिक झालं होतं. मॅडम टेबलाखाली गेल्या हे पाहताच अख्खा वर्ग बाकांखाली गेला. कुणी हसलं नाही, कुणी कुणाला ढकललं नाही. एवढी शिस्त माझ्या वर्गात त्याआधी कधी नव्हती आणि नंतरही आली नाही. जरा वेळाने मागच्या कुठल्यातरी बाकाखालून दबक्या आवाजात प्रश्न आला, "मॅडम, संपला का?"

"संपला," मी म्हणाले. "या बाहेर सगळे."

मीही बाहेर आले, फळ्यावर उरलेला समास सोडवला आणि घंटा झाल्यावर शिक्षकांच्या खोलीत जाऊन खूप रडले. पोरांनी लाज राखली होती म्हणून जास्त रडू आलं.

रिपोर्ट उत्तम

मिलिंद मला घेऊन दवाखान्यात गेला. ईसीजीची पट्टी काढली, सोनोग्राफीसारखी तपासणी झाली, रक्त दिलं. डॉक्टर कागद बघून म्हणाले, "हार्ट उत्तम आहे तुमचं." मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? मला काहीतरी निघायला हवं होतं. एखादी अडकलेली झडप, एखादी गोळी, घरात सांगता येईल असं नाव.

"घरात मध्यंतरी काही झालं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"तसं काही नाही," मिलिंद म्हणाला. "कुकर फुटून आईला भाजलं होतं. पण थोडक्यात निभावलं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कुणाचं?"

मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे पाहत होते.

त्यांनी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि तिथे आजाराला नाव मिळालं. आघातानंतर मनाला आणि शरीराला जडणारा ताण. त्याची इंग्रजी आद्याक्षरं हल्ली सगळ्यांना माहीत असतात. मिलिंद म्हणाला, "पण पीटीएसडी सैनिकांना होतो ना? सीमेवरच्या?" डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "शरीराला सीमा कुठली आणि स्वयंपाकघर कुठलं, ते कळत नाही." झोपेसाठी साधी गोळी दिली आणि समुपदेशनासाठी कर्वेनगरातला एक पत्ता दिला.

परत येताना मिलिंदने सिग्नलला स्कूटर थांबवली आणि मागे न बघताच म्हणाला, "सुजाता, हात भाजला असता तर मी मलम लावलं असतं. याचं काय करायचं ते मला कळत नाही." मी त्याच्या पाठीवर डोकं टेकवलं. मागचा हॉर्न वाजवत होता. आम्ही दोघांनीही त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

दार उघडं ठेवू का?

झेरॉक्सच्या दुकानावरची खोली. जिना अरुंद. आत ईशा नावाची मुलगी बसलेली. मुलगी म्हणते, कारण माझी विद्यार्थिनी शोभली असती. तिने सगळ्यात आधी विचारलं, "कुठे बसायला आवडेल?" तीन खुर्च्या होत्या. मग म्हणाली, "दार उघडं ठेवू का बंद करू?"

"तुम्हाला सोयीचं असेल तसं," मी म्हणाले.

"मी तुम्हाला विचारलं."

लग्न झाल्यापासून घराचं दार कधी लावायचं, कधी उघडायचं हे मीच बघते, पण मला कसं हवंय असं कुणी विचारलं नव्हतं. पहिल्या दिवशी दार बंद राहिलं. तिसऱ्या भेटीत मी म्हणाले, "उघडं असू द्या, आणि मला दाराकडे तोंड करून बसायचंय." ती उठली आणि माझी खुर्ची फिरवून दिली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की इथे आपलं काहीतरी होईल.

पण पहिली भेट राहिली सांगायची. तिने विचारलं होतं, "तुम्ही इथे सेफ फील करताय का?"

"आधी मराठीला सेफ राहू दे," मी म्हणाले. मास्तरकी काही सुटत नाही.

ती मनापासून हसली. "मग काय म्हणू?"

"निर्धास्त."

"बरं. तुम्ही इथे निर्धास्त आहात का?"

शब्द मीच दिला होता आणि तो माझ्याकडे परत आल्यावर मला हुंदकाच फुटला.

मला वाटलं होतं, आता ही त्या सकाळचं सगळं खोदून काढणार. तिने काढलं नाही. "आत्ता सविस्तर नको," ती म्हणाली. "थोडक्यातसुद्धा नको. आधी थांबायचं कसं ते ठरवू. बोलताना नको वाटलं तर हात वर करा, आपण तिथल्या तिथे थांबू. कारण सांगायची गरज नाही."

"हात मुलं उत्तर येत असेल तेव्हा वर करतात," मी म्हणाले. "वर्गातून सुटका हवी असेल तर करंगळी दाखवतात."

"मग करंगळी."

अशी आमची करंगळी ठरली. चाळिशी उलटलेली बाई आठवड्यातून एकदा कर्वेनगरात जाऊन करंगळी दाखवायची आणि समोरची मुलगी लगेच विषय बंद करून पाणी द्यायची. एकदाही तिने "एवढं वाक्य पूर्ण करा" म्हटलं नाही. मी माझ्या वर्गात किती पोरांना "दोन मिनिटं थांब" म्हटलंय ते आठवत राहिलं.

मी तिला विचारलं, "आईंची पट्टी निघाल्यावर मला का सुरू व्हावं? जेव्हा झालं तेव्हा मी अगदी ठीक होते."

"तेव्हा तुम्हाला सवड कुठे होती?" ती म्हणाली.

आणखी एक गोष्ट तिथे कळली, ती मी माझ्या भाषेत सांगते. माझ्या शरीराचा काळ चुकला होता. जे 'झालं होतं', ते शरीर 'होत आहे' असं वाचत होतं. शिट्टी ऐकली की पूर्ण भूतकाळाचा चालू वर्तमानकाळ व्हायचा. ईशाला हे इतकं आवडलं की तेव्हापासून ती मला विचारायची, "आत्ता कुठला काळ चाललाय?" मग मी तळपाय फरशीवर टेकवायचे. फरशी गार आहे. खाली झेरॉक्सचं मशीन चालू आहे. कुणीतरी आधारकार्डाच्या दोन प्रती मागतो आहे. वर्तमानकाळ.

घरातलं

बाहेर सुधारत होतं, घरात बिघडत होतं.

लग्न होऊन आले तेव्हापासून मी आणि आई एकत्र स्वयंपाक करत आलो. आई पालिकेच्या ऑफिसात नोकरीला होत्या, मी शाळेत. दिवसभरात आमची भेट व्हायची ती शेगडीसमोर. एकीने कणीक मळायची, दुसरीने भाजी चिरायची आणि दोघींनी मिळून आपापल्या साहेबांची निंदा करायची. माझी आई मी कॉलेजात असताना गेली. पोळी लाटताना जे बोलायचं असतं, ते मी या बाईंशीच बोलले. आता मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जायचे आणि पाय अडायचे. भाजी घेऊन हॉलमध्ये बसायचे, चिरून ताटली दारातून आत सरकवायचे. आई ती न बोलता उचलायच्या. मला त्या हरवत चालल्या आहेत असं वाटायचं. कुकरपेक्षा, छातीच्या धडधडीपेक्षा मला त्याची भीती जास्त होती.

एकदा मिलिंदच्या बहिणीचा फोन आला. स्पीकर चालू होता हे तिला माहीत नव्हतं. "भाजलं आईला आणि आजारी पडली वहिनी?" ती म्हणाली. मिलिंदने घाईघाईने स्पीकर बंद केला. तो वाईट माणूस नाही, त्याला फक्त उत्तर येत नव्हतं. पण मला फार लागलं.

नवा कुकर मिलिंदने कधीच आणून ठेवला होता, गॅरंटी कार्डासकट. तो मात्र घरात वाजायचा नाही. आई पातेल्यात भात करतात, डाळही पातेल्यातच शिजवतात, असं मला सांगितलेलं. पण आमटीतली तुरीची डाळ अशी मऊ, एकजीव असायची की पातेल्यात ती तशी शिजायला दुपार झाली असती. मी विचारलं नाही. विचारायला उंबरा ओलांडावा लागला असता.

काकूंची गॅलरी

एका शनिवारी शाळा लवकर सुटली. जिना चढताना खालच्या मजल्यावर काकूंचं दार अर्धं उघडं दिसलं. त्यांच्या स्वयंपाकघरातून शिट्टी आली. माझा हात कठड्यावर घट्ट झाला, पाय फरशीवर दाबले, वर्तमानकाळ, वर्तमानकाळ. तेवढ्यात दारातून आमची ओळखीची कापडी पिशवी दिसली, आणि काकूंनी मला पाहिलं.

"ये," त्या म्हणाल्या. "चोरी पकडलीसच आहेस तर आत ये."

आई रोज मी शाळेत असताना डाळ-तांदूळ लावलेला कुकर पिशवीत घालून एक मजला खाली उतरायच्या. त्या अजून पुरती मूठ न वळणाऱ्या हाताने. मला शिट्टी ऐकू येऊ नये म्हणून. सुट्टीच्या दिवशी "काकूंकडे जाऊन येते" म्हणून जायच्या.

"गॅस माझा जळतो," काकू म्हणाल्या. "पण तुझी सासू गप्पा बऱ्या मारते, म्हणून सोडून देते."

"आहेत कुठे त्या?"

काकूंचा आवाज एकदम उतरला. "गॅलरीत. रोज तिथेच असते. कुकर माझ्या हातात देते आणि बाहेर जाऊन उभी राहते, गॅलरीचं दार ओढून घेऊन. तीन शिट्ट्या होऊन वाफ जिरली की मी काचेवर टकटक करते. मी काही विचारलं नाही हो. विचारलं की म्हणते, थोडक्यात निभावलं."

काचेतून मला आईंची पाठ दिसली. रस्त्याकडे तोंड, दोन्ही हात कठड्यावर, पदर मानेवरून घट्ट ओढलेला. खाली बघण्यासारखं काहीच नव्हतं.

मी त्यांना हाक मारली नाही. वर आले. काकूंना सांगितलं, मी आले होते हे बोलू नका. काकूंना गुपित ठेवायला सांगणं म्हणजे काय ते आमच्या सोसायटीला विचारा, पण तेवढं एक त्यांनी ठेवलं.

मग सविस्तर

ईशाला मी हे सांगितलं आणि म्हणाले, "त्यांना मदत हवी आहे, पण त्या कबूल करणार नाहीत."

"तुम्ही तुमचं सांगितलंय का त्यांना?"

"काय सांगायचं?"

"जे अजून मलाही सांगितलेलं नाही, ते."

त्या दिवशी मी करंगळी दाखवली. पुढच्या आठवड्यातही दाखवली. मग हळूहळू, तुकड्यातुकड्याने, मला जमेल तेवढ्या ओळींत, मी सविस्तर उत्तर लिहायला घेतलं. कधी कुकरच्या झाकणापर्यंत जाऊन परत आले. कधी छतावरून टपटपणाऱ्या डाळीपर्यंत. ती पिवळी डाळ ट्यूबलाइटवरून ओट्यावर पडत होती, तिचा आवाज. मधल्या काळात ईशाने मोबाइलवर कुकरची शिट्टी लावायला सुरुवात केली, अगदी बारीक आवाजात, आणि आवाज कमी-जास्त करायचं बटण माझ्या बोटाखाली. शाळेतही बातमी पोचली होती. खेळाचे सर शिट्टीऐवजी लाल रुमाल हलवायला लागले. त्यांनी मला एका शब्दाने काही विचारलं नाही, नुसता रुमाल हलवला. अशा माणसांमुळे बरं व्हायला जमतं.

शेवटी मी पोचले त्या जागी, जिथे मी कुणालाच नेलं नव्हतं. कुकर फुटला, मी वळले, आणि समोर नुसती वाफ. आई दिसेनात. मी ओरडले, "आई!" उत्तर नाही. पुन्हा ओरडले. उत्तर नाही. किती वेळ, ते देव जाणे, दोन श्वास असतील. तेवढ्या वेळात माझ्या दृष्टीने त्या गेल्या होत्या. मग वाफ विरली, त्या ओट्याला टेकून उभ्या दिसल्या आणि मी हुशारीने वागायला लागले.

बाकी सगळं निभावलं होतं. ती एक हाक तिथेच राहिली होती.

एक शिट्टी

रविवारी दुपारी मी आईंना म्हणाले, "आज कुकर काकूंकडे नेऊ नका."

त्या चपापल्या. "तुला कुणी सांगितलं? त्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही."

"मीच पाहिलं. आज आपण दोघी मिळून लावू. इथे, आपल्याकडे."

"झेपेल का तुला?"

"नाही झेपलं तर थांबू. करंगळी दाखवायची. जिला वाटेल तिने. लगेच गॅस बंद, कारण विचारायचं नाही."

"मी काय शाळेत आहे?" आई म्हणाल्या. "मला नाही लागत असलं काही. माझं तर थोडक्यात—" आणि वाक्य अर्धंच सोडून त्या डाळ धुवायला गेल्या.

मिलिंदला हॉलमध्ये बसवलं होतं, गप्प राहण्याच्या अटीवर. मी उंबरा ओलांडला. कित्येक महिन्यांनी. नव्या कुकरचं झाकण लावलं, शिट्टी हाताने उचलून पाहिली, ती मोकळी होती. गॅस पेटवला. आम्ही दोघी फ्रीजजवळ उभ्या राहिलो, खांद्याला खांदा लावून.

आधी सुं सुं आवाज. मग शिट्टी थरथरायला लागली. माझी छाती धडधडत होती. फरशी गार आहे. खाली कुणीतरी गाडी लावतो आहे. डाळ शिजते आहे. वर्तमानकाळ. आणि शिट्टी झाली, भलीमोठी, आणि मी उभी होते. माझे हात डोक्यावर गेले नाहीत. मला इतका आनंद झाला की मी हसून आईंकडे वळले.

आई शेगडीकडे बघत होत्या. चेहऱ्यावर काही नव्हतं. उजवा हात, तो गुलाबी कातडीचा, साडीच्या निऱ्यांमध्ये घट्ट धरलेला होता. आणि त्या मुठीतून करंगळी बाहेर आलेली होती. जराशीच.

मी पुढे होऊन गॅस बंद केला.

आई फ्रीजला टेकून हळूच खाली बसल्या. मीही बसले. कुकर सुस्कारे टाकत होता. आवाज थांबला म्हणून मिलिंद दारात आला. "काय झालं?"

"काही नाही," आई सवयीने म्हणाल्या. मग त्यांनी मान हलवली. "झालं रे. बस इथे. तुला कधी सांगितलंच नाही."

तो उंबऱ्यावर बसला. आणि आईंनी सुरुवातीपासून सांगितलं, शिट्टी होत नव्हती तिथपासून. सांडशी, झाकण, गरम लोट. रोज काकूंच्या गॅलरीत उभं राहणं. रात्री डोळे मिटले की कानात तो आवाज. मधे मधे त्या थांबायच्या, आम्ही थांबायचो. मिलिंद रडत होता आणि तोंड पुसायलाही विसरला होता.

मग मी माझं सांगितलं. वाफेचं. दोन हाकांचं.

आई बराच वेळ माझा हात कुरवाळत राहिल्या. "ऐकल्या होत्या मी," त्या म्हणाल्या. "दोन्ही हाका ऐकल्या. तू समोर ओरडत होतीस आणि माझ्या तोंडून आवाजच फुटेना. मला वाटलं, मी मेलेय बहुतेक, म्हणून हिला ऐकू जात नाही. ओ द्यायची राहिली बघ तुला."

आईंना आता मी ईशाकडे नेते. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, दार उघडं पाहिजे. माझ्यासारखे तीन आठवडे लावले नाहीत. मी अजून कधी कधी दचकते, गोळी सुटली आहे, गच्चीवर जाणं बंद झालंय. घरी कुणी विचारपूस करायला आलं की मिलिंद सांगतो, "बसा, जरा वेळ लागेल सांगायला." काही पाहुण्यांना अचानक कामं आठवतात. जे बसतात ते आपले.

त्या रविवारी डाळ अर्धीकच्ची राहिली होती. संध्याकाळी ती पातेल्यात काढून शिजत घातली, खरोखरच पातेल्यात. मी हॉलमध्ये मेणबत्ती लावत होते. आत पळीचा आवाज येत होता. मला काही नको होतं, तरी मी हाक मारली.

"आई!"

"ओ," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, आवाज चढवून, पुन्हा एकदा म्हणाल्या, "ओ गं."

दोन हाका होत्या ना.